उसाच्या रानात करडईला जागा ठेवा



ऊस विकास विभागाने कारखान्याच्या पत्रिकेत करडईवर लेख लिहावा, हे पाहून काही मंडळींना नवल वाटेल. आमच्या कामाचा हिशोब ऊस नोंदीच्या एकरांवर होतो, करडईच्या नाही. तरीही हा विषय यंदा काढावा असे आम्हाला वाटले, कारण गटागटाच्या बैठकांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. विंधन विहिरी जानेवारी-फेब्रुवारीतच धापा टाकू लागतात, धरणाचे आवर्तन मिळेल की नाही याची खात्री नसते, मग पाच एकरांच्या पाचही एकरांत ऊस धरायचा तो कशाच्या भरवशावर?

आमचे उत्तर सरळ आहे. पाचही एकरांत धरू नये. मे अखेरपर्यंत ज्याला पाणी पुरेल असे आपले मन ग्वाही देते तेवढाच ऊस ठेवावा, आणि उरलेल्या काळ्या रानातला एखादा तुकडा रब्बीत करडईला द्यावा. मन्याडच्या आणि तिरूच्या काठचे, कंधार, मुखेड, लोहा, अहमदपूर, उदगीर भागातले जुने सभासद हे वाचून हसतील. कारण करडई ही त्यांना आम्ही शिकवायची गोष्ट नव्हे. त्यांच्या वडिलांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पेरली. नांदेड, लातूर, परभणी, बीड हा सगळा पट्टा एके काळी करडईचाच होता.

आधी या झाडाची थोडी ओळख, नव्या पिढीसाठी. कोणी तिला करडई म्हणतो, कोणी करडी. संस्कृतात नाव कुसुंभ, आणि कुसुंबी रंग हा शब्द याच फुलावरून आला. पूर्वी कापड रंगवायला या पाकळ्या वापरीत. इजिप्तच्या जुन्या थडग्यांतही या फुलाच्या रंगाचे कापड मिळाले आहे, इतका हा धंदा जुना. करडई ही सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्या कुळातली. या कुळाची खूण अशी की, आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक फूल नसतेच. करडईचे एखादे बोंड हातात घेऊन (जपून!) उलगडून पाहा. आत नळीसारखी बारीक बारीक फुले दाटीवाटीने बसलेली दिसतील, पाच-पंचवीसपासून थेट शंभराच्या घरात. प्रत्येक फुलाच्या बुडाशी एक दाणा भरायची जागा असते. फूल उमलते तेव्हा पिवळे असते, सुकत जाते तसे केशरी, मग तांबूस होते. म्हणून फुलोऱ्यातले करडईचे रान लांबून दोन रंगांचे दिसते.

याच कुळात आपल्या धुऱ्यावरचे गाजरगवतही येते. भावकीत असे एखादे घर निघतेच. हे गवत परदेशातून आलेले. १९५१ साली पुण्यात ते पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरले, आणि आज उसाच्या बांधापासून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत त्याने कोठेही जागा सोडलेली नाही. त्याचा संबंध पुढे येणारच आहे.

साठी ओलांडलेल्या सभासदांना आठवत असेल, करडई स्वतंत्र रानात थोडी आणि दुसऱ्या पिकाच्या सोबतीने जास्त असे. रब्बी ज्वारीच्या ठरावीक ओळींनंतर करडईचे एक-दोन तास. हरभऱ्यात तसेच. आणि रानाच्या चारी बाजूंनी, पांदीच्या कडेला तर हमखास, कारण काटेरी करडईत गुरू तोंड घालीत नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर ते बिनखर्चाचे कुंपण होते. पेरणी झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी विरळणी होई, आणि उपटलेली कोवळी रोपे घरी भाजीला येत. लसणाची फोडणी दिलेली करडईची भाजी आणि ज्वारीची भाकरी हे आपल्याकडचे कार्तिकातले जेवण. माल निघाला की दोन-चार कट्टे घाण्यावर जात, वर्षाचे तेल घरात येई, पेंड बैलांना. विकत तेल आणणे ही सणासुदीची गोष्ट होती.

काढणी मात्र कठीण. बोंडांभोवतीची पाने काटेरी, आणि झाड वाळले की काटा सुईसारखा कडक. बाया हाताला जुन्या लुगड्याची पटकुरे गुंडाळीत, पायांना पोत्याचे तुकडे बांधीत. पहाटे दव पडलेले असताना काटा जरा नरम असतो, म्हणून भर थंडीत, उजाडायच्या आत रानात जावे लागे. ऊन चढले की काम बंद. खळ्यावर बडवतानाही तेच. हे काम बहुतेक ठिकाणी घरच्या आणि मजुरीच्या बायांच्याच वाट्याला यायचे, आणि पुरुष मंडळी करडईचे कौतुक सांगताना ही गोष्ट गाळतात. मुखेडकडच्या एका बैठकीत आम्ही करडईचा विषय काढला तेव्हा मागून एक आजी मोठ्यांदा म्हणाल्या, "करडी पेरा म्हणता सायेब, पण काढाया तुमी येणार का?" सगळी बैठक हसली. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर पुढे देतो.

करडई मागे पडली ती एका कारणाने नाही. सोयाबीन आले. खरिपात सोयाबीन काढायचे आणि त्याच ओलीवर हरभरा टाकायचा, ही जोडी लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला इतकी मानवली की रब्बीत तेलबियांना जागाच उरली नाही. हरभऱ्याला काटा नाही, मोंढ्यात गिऱ्हाईक केव्हाही. दुसरे कारण सरकारी धोरणाचे. १९८६ साली तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले, तेलबियांना काही वर्षे चांगले दिवस आले. पण १९९४ नंतर पामतेलाची आयात खुली झाली आणि स्वस्त तेलापुढे घाण्यावरचे तेल टिकेना. गावोगावचे घाणे बंद पडले तशी करडईही गेली. आणि जिथे पाणी आले तिथे ऊस आला. कारखाना उभा राहिला की परिसरात ऊस वाढणारच, त्यात वावगे काही नाही.

कोणी विचारील, तेलबियाच घ्यायच्या तर सूर्यफूल का नको? त्याला तर काटाही नाही. गोष्ट खरी आहे, आणि नव्वदच्या दशकापर्यंत लातूर, उदगीर, देगलूर भागात सूर्यफुलाची पिवळी रानेच्या राने दिसत. पण पाखरांचा त्रास होताच, त्यात १९९७ च्या सुमारास कर्नाटकात सूर्यफुलावर नेक्रोसिस नावाचा विषाणूरोग दिसला आणि पाठोपाठ तो आपल्याकडेही आला. पाने करपतात, शेंडा मुरडतो, फूल वाकडे होऊन दाणा भरत नाही. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा कळले की या विषाणूचे बिऱ्हाड गाजरगवतावर असते. गाजरगवत स्वतः आजारी दिसत नाही, पण त्याच्या परागकणांत विषाणू असतो आणि बारीक फुलकिडे ते परागकण सूर्यफुलावर नेतात. म्हणजे एका भाऊबंदाने दुसऱ्याचे घर बसवले. सूर्यफूल आज घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही, पण ज्याच्या धुऱ्यावर कमरेइतके गाजरगवत आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये. आणि उसाच्या बांधावरचे गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटावे, हातमोजे घालून. अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचा त्रास होतो, हे आपल्या खुरपणीच्या बायांना चांगले ठाऊक आहे.

आता पाण्याचा हिशोब. हा भाग लांबेल, पण तो नीट वाचावा ही विनंती.

२०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. मांजरा धरणाने तळ गाठला आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तीनशेहून अधिक किलोमीटरचे अंतर. पहिली गाडी दहा वाघिणींची होती, तिच्यातून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी लागली, खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर. ती गाडी पाहायला लोक स्टेशनवर जमले होते हे आपल्याला आठवत असेलच.

आता उसाकडे या. सुरू उसाला पाटाने पाणी दिले तर लागणीपासून तोडणीपर्यंत साधारण अडीचशे ते पावणेतीनशे सेंटिमीटर पाणी लागते. पूर्वहंगामीला तीनशेच्या वर, आडसालीला त्याहूनही जास्त. अडीचशे सेंटिमीटर म्हणजे रानात पुरुषभर उंचीच्याही वर उभे राहील इतके पाणी. एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरहून थोडी जास्त जागा. गुणाकार केला तर एक एकर सुरू उसाला एक कोटी लिटर पाणी होते. पन्नास वाघिणींच्या चार गाड्या. यात पावसाचा वाटा धरलेला आहे हे खरे, पण ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी तो वाटाही विहिरीतूनच काढावा लागतो, आणि नेमक्या त्याच वर्षी विहिरीत पाणी नसते.

करडई जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर येते. चांगल्या काळ्या रानात पाण्याची एकही पाळी न देता ती पदरात काही टाकते. संरक्षित म्हणून एक पाळी दिलीच, सहा सेंटिमीटरची, तर एकराला अडीच लाख लिटरच्या आतच पाणी लागते. दोन पाळ्या दिल्या तरी पाच लाखांच्या आत. म्हणजे त्या पहिल्या, दहा वाघिणींच्या गाडीएवढे.

हा हिशोब उसाला बोल लावण्यासाठी मांडलेला नाही. आपली घरे ऊसच चालवतो आणि आमचा पगारही उसावरच आहे. ठिबकावर उसाचे पाणी चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाचते हे आपल्याच परिसरातल्या चांगल्या सभासदांनी करून दाखवले आहे, आणि ज्याने अजून ठिबक केले नाही त्याने करडईच्या आधी त्याचा विचार करावा. पण ठिबकाच्या नळीतसुद्धा पाणी लागते. ते विहिरीतूनच यायचे.

अहमदपूरकडच्या एका सभासदाने आम्हाला तोंडावर विचारले, "तुमीच करडी पेरा म्हणाया लागले तर गाळपाला ऊस कोठून आणता? कारखाना बंद पाडायचा का?" रोखठोक प्रश्न, त्याला रोखठोक उत्तर दिले पाहिजे. समजा पाच एकर रान आहे आणि पाणी तीन एकरांचे आहे. पाचही एकरांत ऊस धरला तर एप्रिल-मे मध्ये पाळी वीस-पंचवीस दिवसांवर जाते, ऊस खुजा राहतो, कांड्या आखूड पडतात, टनेज पंचवीस-तीसच्या वर जात नाही. पाच एकरांचे एकशे चाळीस टन धरा. तेच पाणी तीन एकरांना वेळेवर दिले, खत-मशागत नीट केली आणि एकरी पन्नास टन काढले तर दीडशे टन होतात. कारखान्याला दहा टन जास्तच आले. वर दोन एकरांचे बेणे, खत, लागणीची मजुरी वाचली, आणि त्या दोन एकरांत रब्बीचे पीक निघाले. हा नुसता नमुन्याचा हिशोब आहे, ज्याने त्याने आपले आकडे घालून पाहावेत. शिवाय २०१६ साली काय झाले ते विसरू नये. कित्येकांनी वाळलेला ऊस चाऱ्यासाठी तोडून दिला, बेण्यापुरताही ऊस राहिला नाही, आणि २०१६-१७ च्या हंगामात मराठवाड्यातल्या अनेक कारखान्यांचे बॉयलर पेटलेच नाहीत. कारखाना बंद पडतो तो असा.

करडईची मुळी सोटमूळ असते आणि दोन मीटरच्याही खाली जाते. सोयाबीन-हरभऱ्याची मुळे जिथवर पोहोचत नाहीत तिथली ओल आणि तिथे झिरपून गेलेले खत ती वर आणते. वर्षानुवर्षे उसाखाली असलेले रान खालून घट्ट झालेले असते, त्याला असे खोल मुळाचे पीक फेरपालटात उपयोगी पडते. दुसरी गोष्ट, पाटाच्या पाण्याने ज्यांच्या रानात खार फुटू लागला आहे, म्हणजे जमीन चोपण व्हायच्या वाटेवर आहे, तिथेही करडई बऱ्याच पिकांपेक्षा तग धरते. पण पाणी साचणाऱ्या, कायम ओलसर राहणाऱ्या सखल रानात ती पेरूच नये. पाय भिजत राहिले की करडई मरते.

फेरपालटात तिला कोठे बसवायचे? खोडवा तुटून गेला की फेब्रुवारी-मार्चमध्ये रान मोकळे होते. पाचट न जाळता कुजवावे, हे आम्ही दरवर्षी सांगतो, आजही सांगतो. खरिपात मूग किंवा उडीद घ्यावा, तो भाद्रपदात निघतो. मग सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करडई पेरावी. ती फेब्रुवारी अखेर-मार्चमध्ये निघते, रान उन्हाळाभर तापते, आणि जुलैमध्ये आडसालीची लागण करायला तयार असते. सोयाबीननंतर घ्यायची असेल तर लवकर येणारे वाण लावावे, नाहीतर पेरणी दिवाळीपर्यंत रेंगाळते आणि मग माव्याला आमंत्रण मिळते.

मावा हा करडईचा मोठा वैरी. काळा, कोवळ्या शेंड्यावर दाटीने बसणारा, चिकट पाणी सोडणारा. डिसेंबर-जानेवारीत आभाळ आले की वाढतो. वेळेवर पेरलेली करडई तोवर थोराड होते आणि त्याला दाद देत नाही. उशिरा पेरलेली कोवळी सापडते. म्हणून निम्मी औषध-फवारणी पेरणीच्या तारखेतच असते असे आम्ही म्हणतो. मावा आधी कडेच्या ओळींवर येतो, तेव्हा धुऱ्यावरून चक्कर मारताना शेंडे पाहावेत आणि दिसताच पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी आधी कडेला करावी. ढालकिडे दिसले तर थोडे थांबावे, ते मावा खातात. कीटकनाशक फवारायची वेळ आलीच तर गटाच्या कृषी सहायकाला विचारून करावी, दुकानदार देईल ते नको. आणि फुलोऱ्यात फवारणी टाळावी. करडईच्या फुलावर मधमाशा झुंबड करतात, त्या मेल्या तर दाणा कमी भरतो.

बाकी मशागत सोपी आहे. एकरी चार ते पाच किलो बियाणे, पेरण्यापूर्वी ट्रायकोडर्मा चोळलेले, कारण मर रोग बियाण्यातून आणि जमिनीतून दोन्हीकडून येतो. ज्या रानात मागे मर आली तिथे तीन वर्षे करडई नको. दोन ओळींत पंचेचाळीस सेंटिमीटर, दोन रोपांत वीस. खत सगळे पेरणीबरोबरच, तिफणीने मातीआड. विरळणी टाळू नये, दाट करडई फांद्या धरीत नाही आणि बोंडे फांद्यांवरच येतात. पाण्याची सोय असेल तर एक पाळी पेरणीनंतर तीस-पस्तीस दिवसांनी आणि दुसरी कळी-फुलोऱ्याच्या वेळी, तीही हलकी. इथे ऊसवाल्याचा हात आवरत नाही असा आमचा अनुभव आहे. मोटार चालू करून माणूस जेवायला जातो आणि सरी तुंबते. काळ्या रानाला भेगा पडण्यापूर्वीच पाणी द्यावे. भेगा पडल्यावर दिले तर पाणी खोल मुरते, मुळ्या गुदमरतात आणि चार दिवसांत झाडे माना टाकतात. तुषार संच असेल तर उत्तम.

आता आजींच्या प्रश्नाचे उत्तर. एक तर बिनकाट्याचे वाण निघाले आहेत. सातारा जिल्ह्यात फलटणला बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नारी-६ हा बिनकाट्याचा वाण दिला, पुढे बिनकाट्याचा संकरितही दिला. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात करडईवर पूर्वीपासून काम चालते, तिथला परभणी कुसुम म्हणजे पीबीएनएस-१२ हा काटेरी वाण मराठवाड्यात पुष्कळांनी घेतला, आणि पीबीएनएस-४० हा बिनकाट्याचाही आहे. बिनकाट्याच्या वाणाच्या पाकळ्या हाताने वेचता येतात. दाणा भरून फूल सुकू लागल्यावर त्या वेचल्या तर उत्पन्न घटत नाही, आणि त्यांचा काढा-चहा करणारे गिऱ्हाईक शहरात असते. पण वेचणीची मजुरी आणि गिऱ्हाईक दोन्ही आधी पक्के केल्याशिवाय त्या फंदात पडू नये. दुसरे म्हणजे गव्हाचा कंबाइन हार्वेस्टर करडईत चालतो. झाडे आणि बोंडे पूर्ण वाळू द्यायची आणि यंत्राने एका फेरीत कापणी-मळणी दोन्ही उरकायचे. यंत्र यायचे तर चार-पाच शेजाऱ्यांनी एकमेकांना लागून करडई पेरावी, एका एकरासाठी कोणी यंत्र आणत नाही.

तरी काटेरी वाण अगदी टाकून देऊ नये. हल्ली रानडुकरे, हरणे आणि रोही यांनी आपल्या भागात जीव नकोसा केला आहे. आमची सूचना अशी की, रानाच्या कडेच्या सहा-आठ ओळी काटेरी वाणाच्या ठेवाव्यात आणि आत बिनकाट्याचा पेरावा. कडेच्या ओळी हाताने काढाव्या लागतील, त्या पहाटेच्या दवातच, आणि हातमोजे मालकाने आणून द्यावेत. पटकुरांचे दिवस गेले.

पैशाचे बोलू. चांगल्या काळ्या रानात कोरडवाहू करडई एकरी चार ते सहा क्विंटल येते, एक-दोन पाळ्या दिल्या तर सात-आठपर्यंत. २०२५-२६ च्या रब्बी विक्री हंगामासाठी केंद्राने करडईला क्विंटलला ५,९४० रुपये हमीभाव जाहीर केला होता, हरभऱ्याला ५,६५०. म्हणजे कागदावर करडई पुढे. पण हमीभाव जाहीर होणे आणि मोंढ्यात तो हातात पडणे यांतले अंतर आम्ही आपल्याला सांगायला नको. हरभऱ्याला आडतीवर दहा गिऱ्हाईके असतात, करडईला दोन. एक पाणी देण्याची सोय आहे आणि मर येत नाही अशा रानात हरभराच सरस, हेही स्पष्ट सांगतो. करडई कामाची ती जिथे पाण्याचा नेम नाही, जनावरांचा त्रास आहे, हरभरा मरीने बसतो, किंवा रान उसाने थकले आहे तिथे. उसाच्या एकराशी तिची तुलनाच करू नये. ती करायची तर न भिजलेल्या उसाच्या एकराशी करावी.

आणि एक गोष्ट घरच्या हिशोबाची. करडईच्या दाण्यात अठ्ठावीस ते बत्तीस टक्के तेल असते. लाकडी घाण्यावर सगळे उतरत नाही, तरी दोन क्विंटल करडईतून मध्यम कुटुंबाचे वर्षाचे तेल सहज निघावे. पेंड घरच्या गुरांना. अलीकडे तालुक्याच्या गावी लाकडी घाणे पुन्हा दिसू लागले आहेत, त्यांना दळणाचे पैसे देऊन आपले तेल आपण काढून घेता येते. मोंढ्यातला भाव पडला तरी या दोन क्विंटलांचा भाव पडत नाही.

ज्यांना यंदा एखादा एकर करून पाहायचा आहे त्यांनी आपल्या गट कार्यालयात पोळ्यापर्यंत नाव द्यावे. बियाणे परभणीहून एकत्र मागवू, म्हणजे खात्रीचे मिळेल आणि वाहतूक वाटून जाईल. नाव देताना रानाचा गट नंबर, शेवटचा ऊस केव्हा तुटला आणि त्या रानात पावसाळ्यात पाणी साचते का, या तीन गोष्टी सांगाव्यात. पाणी साचणाऱ्या रानासाठी आम्ही बियाणे देणार नाही, मग तो सभासद कितीही ओळखीचा असो.